फटी बुजवायच्या की खिडक्या उघडायच्या? एनरगाइड इव्हॅल्युएशन करून घेतलं त्याचा रिव्ह्यू

आधी सासूबाईंचा प्रश्न सांगते, कारण या सगळ्या प्रकरणात सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता. ऑक्टोबर २०२१ मधे मी त्यांना सांगितलं की उद्या सकाळी एक माणूस येणार आहे, घरातून हवा कुठून कुठून गळते ते मोजायला, तर त्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "अगं, दीड वर्षं झालं, कोविडमुळे सगळं जग खिडक्या उघड्या ठेवा म्हणून ओरडतंय, आणि तू पैसे देऊन फटी बुजवायला माणूस बोलावतेस?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता येतं, म्हणून हा रिव्ह्यू. मोठा झालाय, ज्यांना फक्त आकडे हवेत त्यांनी खाली उड्या मारत जा.

आमचं घर कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसागात, मेडोवेल भागात, १९७६ चं, दोन मजली. इथे नवीन असणाऱ्यांसाठी थोडक्यात: एनरगाइड म्हणजे फ्रिज-एसीवर असतं तसलं लेबल, पण अख्ख्या घराचं. फेडरल सरकारच्या नॅचरल रिसोर्सेस कॅनडाची ही पद्धत, काम मात्र त्यांचं लायसन्स असलेल्या खाजगी कंपन्यांचे एनर्जी अ‍ॅडव्हायझर करतात. २७ मे २०२१ ला ग्रीनर होम्स ग्रँट जाहीर झाली, इन्सुलेशन, खिडक्या, हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब आत आणून घर तापवणारं यंत्र) वगैरेसाठी ५००० डॉलरपर्यंत आणि इव्हॅल्युएशनच्या खर्चाचे ६०० डॉलरपर्यंत. अट अशी की आधी इव्हॅल्युएशन, मग काम, मग परत इव्हॅल्युएशन. गंमत बघा, जाहीर झाली तेव्हा ओंटारिओत स्टे-अ‍ॅट-होम ऑर्डर चालू होती (८ एप्रिल ते २ जून). म्हणजे एकीकडे घरात कोणी परका येऊ नये, आणि दुसरीकडे परका माणूस बेसमेंटपासून अ‍ॅटिकपर्यंत (म्हणजे छपराखालच्या पोटमाळ्यापर्यंत) फिरल्याशिवाय ग्रँट नाही!

आम्हाला हे सुचलं ते बिलांमुळे. मार्च २०२० पासून नवरा डायनिंग टेबलावर, मी बेडरूममधे, लेक ऑनलाइन शाळेत आणि सासूबाई डिसेंबर २०१९ ला सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेल्या त्या इथेच अडकलेल्या. आधी आम्ही सकाळी बाहेर पडताना थर्मोस्टॅट १७ वर टाकायचो, आता दिवसभर २२. हायड्रोचं (इथे विजेला सगळे हायड्रोच म्हणतात) तेव्हा जाणवलं नाही कारण प्रांतिक सरकारने टाइम-ऑफ-यूज (वेळेनुसार बदलणारे दर) बंद करून २४ तास एकच दर ठेवला होता, आधी १०.१ सेंट आणि जून २०२० पासून १२.८. पण गॅस कोणाला सोडतोय. त्यात तेव्हा दरवर्षी १ एप्रिलला गॅसवरचा सरकारी कार्बन चार्ज चढायचा (२०२५ मधे तो बंद झाला), २०२१ ला घनमीटरला ७.८३ सेंट होता, एप्रिल २०२२ पासून ९.७९. आणि एवढं जाळूनही सोफ्याच्या मागे पाय गारठायचे. सासूबाई तिथे गोधडीची गुंडाळी करून भिंतीला लावून ठेवायच्या, मला वाटायचं थंडीचा बाऊ करतायत. (नव्हत्या. पुढे येतंय.)

जूनमधे नाव नोंदवलं, तारीख मिळाली ऑक्टोबरची. एकदम सगळा देश मागे लागला आणि अ‍ॅडव्हायझर मोजके, त्यामुळे सगळीकडेच रांग. कंपनीचं नाव लिहीत नाही, मेसेज करूनही विचारू नका, कारण चांगलं वाईट दोन्ही आहे आणि माणूस कुठला येतो त्यावर बरंच अवलंबून.

येण्याआधी ईमेलवर सूचनांची ही मोठी यादी. कोणाला ताप खोकला आहे का, कोणी परदेशातून आलंय का, ते झालंच, पण त्याशिवाय: घरातले आतले सगळे दरवाजे उघडे ठेवा म्हणजे त्याला मुठींना हात लावायला नको, सगळे दिवे लावून ठेवा, अ‍ॅटिकच्या हॅचखालचं सामान आधीच हलवा, फायरप्लेस असेल तर आदल्या दिवसापासून पेटवू नका आणि राख काढून टाका, आणि तो आत असताना घरच्यांनी एका खोलीत किंवा सरळ बाहेर थांबा. ही यादी मला आवडली. साधी सरळ, आणि पँडेमिक संपल्यावरही अशीच ठेवा म्हणावं, निम्मा वेळ वाचतो. आमच्या अ‍ॅटिकची हॅच क्लोझेटमधे, तिथल्या चार बॅगा आणि गणपतीच्या मखराचं थर्माकोल उतरवण्यात आमचा शनिवार गेला तो वेगळा.

तो आला. पंचविशीतला मुलगा, डबल मास्क, बुटांवर कव्हर. आधी बाहेरून लेझरने घर मोजलं, खिडक्या मोजल्या, त्यांच्या काचेत काय लिहिलंय ते वाचलं. मग फर्नेस (घर तापवणारी गॅसची भट्टी), वॉटर हीटर यांच्या नंबरप्लेटचे फोटो. मग अ‍ॅटिकमधे डोकं घालून पट्टीने इन्सुलेशनची जाडी. हे सगळं तो हॉट-टू-थाउजंड नावाच्या सरकारी सॉफ्टवेअरमधे टाकतो आणि त्यातून घराचं मॉडेल तयार होतं. इथपर्यंत तासभर, आणि खरं सांगायचं तर इथपर्यंत मला वाटत होतं की चारशे डॉलरला फसलो.

मग त्याने पंखा काढला. पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापडाचा पडदा ताणून बसवला, खालच्या गोल भोकात हा मोठा पंखा, आणि घरातली हवा बाहेर खेचायला सुरुवात. याला ब्लोअर डोर म्हणतात. आत-बाहेर ५० पास्कलचा फरक पडेपर्यंत पंखा चढवतात, म्हणजे साधारण ताशी ३२ किलोमीटरचा वारा घराच्या सगळ्या बाजूंना एकदम लागल्यासारखं. आतली हवा बाहेर जाते म्हणजे तेवढीच बाहेरची हवा जिथे जिथे फट आहे तिथून आत येते, आणि मग फक्त हात फिरवत जायचं. आम्ही बॅकयार्डमधे होतो, त्याने खिडकीतून खूण केली की एकेक जण येऊन बघा, मास्क लावून.

या पंधरा मिनिटांसाठी मी पाचातला एक अख्खा स्टार देते. प्लगच्या सॉकेटमधून गार वारा. किचन सिंकखाली पाइप भिंतीत जातो तिथून. पॉट लाइट्समधून (छतात खोचलेले दिवे), जे आम्हीच २०१८ मधे हौसेने लावून घेतले, प्रत्येकातून वरून अ‍ॅटिकची हवा डोक्यावर. बेसमेंटमधे भिंत संपून लाकूड सुरू होतं त्या कडेने तर हात धरवेना. आणि सोफ्याच्या मागे, गोधडी ठेवतात बरोब्बर तिथे, बेसबोर्डच्या खालून पेन्सिल जाईल एवढी फट लांबपर्यंत. सासूबाईंनी हात लावून बघितला, माझ्याकडे बघितलं, बोलल्या काहीच नाहीत. न बोलण्याचाच जास्त त्रास होतो.

आकडा आला ७.४. म्हणजे ५० पास्कलला तासाभरात घरातली सगळी हवा ७.४ वेळा बदलते. अंदाज यावा म्हणून, कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांसाठी कॅनडाचं आर-२००० नावाचं स्टँडर्ड आहे त्यात मर्यादा १.५, पॅसिव्ह हाऊसवाले ०.६ च्या वर चालवून घेत नाहीत. रिपोर्टमधे असंही येतं की सगळ्या फटी एका जागी गोळा केल्या तर केवढं भोक होईल, आमचं साधारण १४०० चौरस सेंटिमीटर. सव्वा फूट बाय सव्वा फूट खिडकी समजा, जानेवारीत सताड उघडी.

आता सासूबाईंचा प्रश्न. मी त्या मुलाला तोच विचारला, की बाबा रे, व्हायरस हवेतून पसरतो म्हणतात, मग गळकं घर चांगलंच नाही का? त्याने जे सांगितलं ते माझ्या शब्दात. फटीतून येणारी हवा कधी येते? बाहेर वारा असेल किंवा कडाक्याची थंडी असेल तेव्हा. गरम हवा वर चढून अ‍ॅटिकमधून निसटते आणि खालून बेसमेंटच्या कडेने गार हवा ओढली जाते, घर म्हणजे एक मोठं धुराडंच. म्हणजे उणे वीसला, जेव्हा नको असते तेव्हा भरपूर, आणि मे महिन्यात वारा पडला की जवळपास शून्य. त्यात ती येते कुठून, तर गॅरेजमधून, अ‍ॅटिकच्या धुळीतून, भिंतीतून. पाहुणे बसलेत त्या खोलीत ती येईलच याची काही खात्री नाही. फट म्हणजे खिडकी नव्हे, तिची मूठ आपल्या हातात नसते. म्हणून आधी घट्ट करा आणि मग पाहिजे तेव्हा पाहिजे तिथे हवा घ्या, पंख्याने किंवा सरळ खिडकी उघडून.

पटलं. पण इथेच माझी मोठी तक्रार पण आहे. हे त्याने मी विचारलं म्हणून सांगितलं, रिपोर्टमधे व्हेंटिलेशनबद्दल जेमतेम ठराविक साच्यातली वाक्यं. सगळा भर गिगाजूलवर, म्हणजे ऊर्जेच्या आकड्यावर. दोन वर्षं अख्खी दुनिया हवेबद्दल बोलत होती आणि घराचं एवढं मोजमाप करणाऱ्या कागदावर 'तुमच्या बाथरूमचा पंखा खरंच हवा खेचतो का' हे नाही! त्याने जाता जाता टॉयलेट पेपरचा तुकडा पंख्याला लावायला सांगितला, चिकटला तर ठीक. खालच्याला चिकटला, वरच्या बाथरूममधे सरळ खाली पडला. कळलं की त्याचा पाइप अ‍ॅटिकमधे निसटून पडलाय आणि इतकी वर्षं आंघोळीची वाफ तिथेच जात होती.

आणि किचन. आमचा हूड धूर ओढतो, जाळीतून फिरवतो आणि परत आपल्याच तोंडावर सोडतो. बाहेर पाइपच नाही. मिरचीची फोडणी केली की स्मोक अलार्म का बोंबलतो याचं उत्तर चौदा वर्षांनी मिळालं. ज्यांच्या घरात रोज फोडणी पडते त्यांनी बाकी काही करू नका, हूडचा पाइप बाहेर जातो का एवढं तरी बघा. आम्ही जानेवारीत ओमायक्रॉनची लाट आल्यावर बॉक्स फॅन आणि चार मर्व्ह-१३ (बारीक कण अडवणारे) फिल्टर डक्ट टेपने चिकटवून तो कोर्सी-रोझेंथल बॉक्स, म्हणजे घरगुती एअर प्युरिफायर, पण केला, सासूबाई त्याला कूलर म्हणतात. फर्नेसमधेच मर्व्ह-१३ टाकू का विचारलं तर त्याने सावध केलं होतं की तुमची जागा एक इंचाच्या फिल्टरची आहे, जास्त दाट घातला तर ब्लोअर धापा टाकेल. ही असली माहिती पैसे देऊन घ्यावी अशी.

रिपोर्ट यायला कंपनीने पाच आठवडे लावले, सांगितले होते दहा दिवस. दोन वेळा फोन केला तर "कोविडमुळे". अरे, रिपोर्ट कॉम्प्युटरवर बनतो ना, त्याला काय मास्क लावायचाय? स्टार कापला.

लेबलवर आलं १५२ गिगाजूल वर्षाला. जितका आकडा कमी तितकं चांगलं, शून्य म्हणजे घर वापरतं तेवढं स्वतःच बनवतं. (जुनी पद्धत १०० पैकी मार्कांची होती, त्यामुळे इंटरनेटवर जुनं वाचून घाबरू नका, आमच्या शेजाऱ्याला वाटलं आपण १०० च्या वर गेलो म्हणजे मेरिटमधे आलो.) पण हा आकडा तुमच्या बिलाशी जुळवायला जाऊ नका. तो धरून चालतो की घरात दोन मोठी माणसं, एक मूल, आणि तेही निम्मा वेळच घरात. पँडेमिकमधे निम्मा वेळ! चार माणसं चोवीस तास, दिवसाला तीन वेळा स्वयंपाक, दोन ऑफिसं आणि एक शाळा एका छपराखाली, त्याचा या आकड्याशी संबंध नाही. तो घराचा आकडा आहे, घरच्यांचा नाही, दोन घरांची तुलना करायला बरोबर आहे, पण हे कोणीतरी ठळक अक्षरात सांगायला हवं.

शिफारसींमधे हीट पंप सगळ्यात वर होता, तो आम्ही आत्ता घेतला नाही, फर्नेस चार वर्षांची आहे आणि कोटेशन बघून नवऱ्याला खुर्ची लागली. आम्ही केलं अ‍ॅटिक आणि एअर सीलिंग. अ‍ॅटिकमधे आर-२० च्या आसपास (आर म्हणजे इन्सुलेशन उष्णता किती अडवतं त्याचं माप, जास्त तितकं चांगलं) निघालं, ते आर-६० केलं, आणि भरायच्या आधी वरून सगळ्या पॉट लाइट्सच्या, वायरींच्या फटी फोमने बंद. हा क्रम महत्त्वाचा. दोन कॉन्ट्रॅक्टर म्हणाले फटी कशाला, वरून जाड थर टाकला की झालं. स्वेटर कितीही जाड घातला तरी वारा आरपार जातो तसं ते, त्यांना नमस्कार केला. तिसऱ्याने आधी सील मग ब्लोइन केलं (पाइपने सुटं इन्सुलेशन फुंकून भरलं), बाथरूमचा पाइपही बाहेर काढून दिला. घर जुनं असेल तर आणखी एक, अ‍ॅटिकमधे चकचकीत खड्यांसारखं व्हर्मिक्युलाइट असेल तर हात लावू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि तसं दिसलं तर हे लोक पंखा लावतच नाहीत.

ग्रँटचा हिशोब मजेशीर होता (ही ग्रँट २०२४ मधे नव्या अर्जांसाठी बंद झाली). अ‍ॅटिक आर-१२ किंवा त्याहून वाईट असेल आणि किमान आर-५० केलं तर १८०० डॉलर, आर-१२ ते आर-३५ मधे असेल तर ६००. आम्ही ६०० वाले. आधीच्या मालकाने थोडं कमी काम केलं असतं तर आपले बाराशे जास्त आले असते असं नवरा अजून म्हणतो. एअर सीलिंगचं टार्गेट गाठलं म्हणून ५५०, थर्मोस्टॅटचे ५०. एकूण १२०० आणि इव्हॅल्युएशनचे ६००. आमचा खर्च सगळा मिळून ३७०० च्या आसपास, त्यात दोन्ही इव्हॅल्युएशनचे टॅक्ससकट ६७८. लक्षात घ्या, आधी सगळे पैसे आपल्या खिशातून, ६०० सुद्धा दुसरं इव्हॅल्युएशन झाल्यावरच. ज्याच्या घराला खरी गरज होती पण हातात तीन-चार हजार रोख नव्हते तो यात बसतच नव्हता, आणि ज्या वर्षात लोकांच्या नोकऱ्या गेल्या त्या वर्षात ही रचना मला तरी पटली नाही. भाड्याने राहणारे तर विसराच, स्वतः राहता तेच घर लागायचं.

दुसऱ्या इव्हॅल्युएशनची तारीख तीनदा बदलली. एकदा त्यांचा माणूस पॉझिटिव्ह, ते समजू शकते. एकदा आमची लेक. तिसऱ्यांदा कोणी आलंच नाही, सकाळी नऊपासून आम्ही थंडीत दरवाजे उघडे, दिवे लावून बसलेलो. अर्धा स्टार अजून कापला. शेवटी मार्च २०२२ मधे झालं, मास्क सक्ती उठायच्या (२१ मार्च) आठवडाभर आधी, यावेळी दुसरी मुलगी आली, कामाला फार नीट. फक्त टेस्टच्या आधी गॅसचा वॉटर हीटर बंद करतात (करायलाच हवा, नाहीतर पंखा त्याचा धूर चिमणीतून उलटा घरात खेचतो), आणि जाताना ती तो परत चालू करायला विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सासूबाई बाथरूममधून काय ओरडल्या ते इथे लिहीत नाही. तुम्ही मात्र ती निघायच्या आधी विचारा. आणि घर घट्ट केलं की असा हीटर नीट धूर बाहेर टाकतोय ना हे बघून घ्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर ठेवा, यावर काटकसर नको.

७.४ चे ५.६ झाले, १५२ चे १२१.

मिल्टनला आमचे मित्र आहेत, २०१९ चं नवीन घर, त्यांनी हसून घेतलं की एवढं करून १२१ च! त्यांचं घर २०१७ पासूनच्या कडक नियमातलं, अ‍ॅटिक पहिल्यापासून आर-६०, ताजी हवा आत घेणारं एचआरव्ही मशीन बिल्डरनेच बसवलेलं. एचआरव्ही म्हणजे बाहेर जाणाऱ्या गरम हवेची ऊब आत येणाऱ्या गार हवेला देतं, घट्ट घराचं नाक समजा. दिवाळीत गेलो तेव्हा बेसमेंटमधे बघितलं तर स्विच बंद. "आवाज करतं गं, आणि हायड्रोचं बिल," वहिनी म्हणाल्या. म्हणजे पँडेमिकची दोन वर्षं घट्ट बंद घरात नाक दाबून बसलेले आणि वर हॉलमधे चारशे डॉलरचा एअर प्युरिफायर! बिल्डरने चावी देताना दोन मिनिटं समजावलं असतं तर. बांधकामाच्या नियमांत, म्हणजे कोडमधे, मशीन आलं, ते चालवतं कोण हे कोडला कळत नाही. शिवाय ओंटारिओत प्रत्येक नवीन घराची पंखा-टेस्ट सक्तीची नाही, बीसीमधे (ब्रिटिश कोलंबिया प्रांतात) स्टेप कोड नावाच्या बांधकाम नियमांखाली करावी लागते, त्यामुळे मिल्टनचं घर खरंच किती घट्ट आहे हे त्यांनाही माहीत नाही. मार्च २०२२ ला नवीन नॅशनल बिल्डिंग कोड बाहेर पडला, नाव मात्र २०२०, त्यात एनर्जीच्या पाच पायऱ्या होत्या, कुठला प्रांत किती चढतो ते ज्याच्या त्याच्यावर.

बिल किती वाचलं ते विचारू नका, काम हिवाळ्याच्या मधेच झालं, पुढचा पूर्ण हिवाळा गेल्याशिवाय आकडा टाकणार नाही. पण फेब्रुवारीत बर्फ पडल्यावर आमच्या छपरावर तो चार दिवस टिकला, शेजारच्या तशाच जुन्या घराचं छप्पर दुसऱ्या दिवशी ठिगळाठिगळांनी उघडं पडलं आणि पन्हाळीला हातभर बर्फाची टोकं लटकली. आतली उष्णता वर जात होती ना.

तर स्टार: पंखा-टेस्टला पाच, अ‍ॅडव्हायझरांना चार, कंपनीच्या ऑफिसला दोन, रिपोर्टला तीन. ग्रँट मिळो न मिळो, जुन्या घरात राहत असाल तर एकदा करा, आणि हिवाळ्याच्या तोंडावर करा म्हणजे फटीतला वारा हाताला लगेच कळतो. दुसऱ्या इव्हॅल्युएशनचं लेबल मिळालं ते इलेक्ट्रिक पॅनलवर चिकटवलंय.

गोधडी सोफ्याच्या मागून निघाली. आता सासूबाई हॉलची खिडकी रोज दुपारी दहा मिनिटं सताड उघडतात, घड्याळ लावून, आणि कोणी काही म्हणायच्या आत सांगतात की ही फट नाही, खिडकी आहे.